गुलमोहर लेआउटचे भगतसाहेब

भगतांना साहेब पहिल्यांदा कोणी म्हटलं, ते आता सांगता येणार नाही. मी यवतमाळला गुलमोहर लेआउटमध्ये खोली घेतली तेव्हा ते साहेब झालेलेच होते. वय तिशी ओलांडलेलं, मनगटापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. नोकरी एका सरकारी कार्यालयात, संगणकावर माहिती भरण्याची, कंत्राटी. त्या कार्यालयातले खरे साहेब मी पुढे एकदा पाहिले. ते चपला घालून, शर्ट बाहेर सोडून आले होते. साहेब दिसण्याची जबाबदारी त्यांनी बहुधा भगतांकडे सोपवली असावी.

ते ओळखपत्र भगत टमाटे आणायला जातानाही काढत नसत. एकदा मी विचारलं. म्हणाले, "राहू द्या जी. गळ्यात हे असलं की भाजीवालीबी नीट बोलते."

लेआउटच्या नावात गुलमोहर होता. प्रत्यक्षात झाड म्हणाल तर एक सुबाभूळ, तीही कोणी लावलेली नव्हे. प्लॉट घेणाऱ्यांनी आधी खाली स्वतःपुरतं घर बांधलं, मग वर खोल्या काढल्या, मग मागे, आणि शेवटी जिन्याखालच्या जागेलाही दार बसवून तिला खोली म्हटलं. भाडं शहरात सगळ्यांत कमी, त्यामुळे वस्ती सगळी तरुण. नर्सिंगच्या मुली, आयटीआयची मुलं, पोलीस भरतीसाठी धावणारे, अभ्यासिकेत बसून थकले की चहाच्या टपरीवर एकमेकांना राज्यघटना समजावणारे, औषध कंपन्यांच्या बॅगा वाहणारे आणि माझ्यासारखे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे. या सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं, की आपण इथे तात्पुरते आहोत. पडद्यासाठी खिळा ठोकायचा म्हटलं तरी माणूस म्हणे, आता थोड्या दिवसांसाठी कशाला. असं म्हणता म्हणता तीन-चार वर्षं आरामात निघत.

भगत तेवढे अपवाद. त्यांनी खिळे ठोकले होते. आपली इथे रीतसर नेमणूक झाली आहे अशा थाटात ते राहत, आणि बोलतही तसेच. कार्यालयात दिवसभर जी भाषा टाइप करावी लागे ती संध्याकाळी त्यांच्या तोंडून बाहेर पडे, आणि तिला खाली बाभुळगावकडच्या वऱ्हाडीचं अस्तर असे. "सदर बादली कोनाची होय? तिची विल्हेवाट लावा, नाही त मी लावतो." मेसचा डबा उघडून ते शेरा देत: "वरणात पाण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसून येते." पिठलं जमलं असेल तर, "समाधानकारक." याच्या पलीकडची स्तुती मी त्यांच्याकडून ऐकली नाही.

आमची मालकीण ढोलेकाकू. गावाकडे कपाशी-तुरीचं शेत, इथे तळमजल्यावर त्या आणि वर आम्ही. भगत खोली पाहायला आले तेव्हाची हकिगत काकू स्वतःच सांगत. नाव ऐकून त्यांनी विचारलं, "भगत म्हंजे कोनते भगत?"

"बाभुळगाव तालुक्यातले."

"तसं नाही बा. म्हंजे कोनते?"

"बसस्टँडच्या मागचे."

"अरे, भगत त सगळ्यायतच असते ना. तुम्ही कोनते?"

"सरळमार्गी," भगत म्हणाले.

काकू दमल्या आणि त्यांनी किल्ली दिली. भगतांनी काही लपवलं नव्हतं. ही दारात उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सामान लावून झाल्यावर त्यांनी काकूंना चहाला बोलावलं. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, खाली फळीवर बुद्धाची मूर्ती होती. काकूंनी चहा घेतला, भिंत पाहिली, कप खाली ठेवला आणि नळ कोणत्या दिवशी येतो ते सांगितलं. त्या दिवसापासून विषय संपला.

पुढे खोली शोधणाऱ्या प्रत्येक नव्या पोराबरोबर जाणं हे भगतांनी आपलं काम मानलं. लक्ष्मण आत्राम हा कोलामपोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, आलेला आयटीआयचा मुलगा. मागच्या गल्लीत खोली रिकामी होती, पण याचं नाव-गाव ऐकलं की तिथले मालक "घरच्यायले विचारून सांगतो" म्हणत. त्यांचं विचारणं काही संपेना. एका रविवारी भगत त्याच्यासोबत गेले. मीही होतो, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. भगत अंगणात उभे राहिले. पाण्याच्या टाकीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, गॅलरी कुठपर्यंत पुढे आली आहे ते मान तिरपी करून पाहिलं. मग खिशातला पेन काढून हातात धरला. लिहिलं काहीच नाही.

"सदर बांधकाम कधीचं?"

मालकांचा चेहरा उतरला. "जुनंच होय साहेब. वरचं जरा… आता आता."

"बरं. या मुलाले खोली देऊन राह्यले ना?"

"देऊनच राह्यलो ना साहेब. किल्ली आनाले निघालो होतो."

परत येताना मी म्हटलं, भगत, त्यांना तुम्ही नगरपालिकेचे वाटलात. भगत गंभीर झाले. "मी तसं कुठं म्हटलं? मी निव्वळ विचारना केली. नागरिक म्हनून."

आत्राम पुढे आमच्याच इमारतीत राहायला आला. आमच्याकडे टाकी नीट भरत होती.

आमच्या इमारतीत वस्तूंना मालक असा फारसा नसे. इस्त्री एक. शिडी एक. वर्गणी काढून घेतलेले काळे बूट एक जोड, मुलाखतीचे. माप मुद्दाम मोठं घेतलं होतं, म्हणजे कोणाचाही पाय मावावा; लहान पायांसाठी पुढच्या टोकात पेपर कोंबायचा. ते भगतांच्या ताब्यात असत. ते स्वतः पॉलिश करून देत आणि सांगत, "खुर्चीवर बसल्यावर पाय हालवू नका, आवाज येते." त्या बुटांनी कितीतरी जणांना नोकरीला लावलं. आणि एक फ्रिज, जिन्याच्या वळणावर, सगळ्या खोल्यांचा मिळून. ज्याला वाटेल त्याने उघडावा, आपलं घ्यावं, बंद करावा. त्याच्या शेजारून जाताना गरज नसली तरी उघडून पाहायची आम्हा सगळ्यांना सवय होती.

दुसऱ्यांना खोल्या आणि बूट मिळवून देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं लग्न मात्र जमत नव्हतं. ते त्यांना मनापासून करायचं होतं. गावाहून आईचा फोन आला की ते गच्चीवर जात आणि खाली येताना थोडे कमी साहेब दिसत. स्थळं येत, पण फोनवरच परत जात. "कंत्राटीपर्यंत लोक आयकून घेते जी," ते मला म्हणाले. "खोली म्हटलं की त्यायची रेंज जाते."

मग राजूरचं स्थळ आलं. मुलीचं नाव वैशाली, वणीला एका दवाखान्यात नर्स. वडील कोळशाच्या खाणीत. फोटो पसंत पडले, बोलणं पुढे गेलं, आणि निरोप आला की रविवारी घर पाहायला येतो. आमच्याकडे मुलगा पसंत पडला तरी मुलीकडचे लोक घर पाहिल्याशिवाय हो म्हणत नाहीत. चूल कुठे, पाणी कुठे, लेकीने बसायचं कुठे, ते डोळ्यांनी पाहतात. मध्यस्थी करणाऱ्या भगतांच्या मावशीने खोलीला घर म्हटलं होतं. त्याशिवाय गोष्ट इथवर आलीच नसती.

भगतांनी खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण ही बातमी काकूंना लागली आणि निर्णय त्यांच्या हातातून गेला. "तुम्ही गप राहा," काकू म्हणाल्या. "माझा सोफा न्या. पाय वर घेऊन बसू नका म्हना त्यायले, म्हंजे झालं." शेजारच्या खोलीतल्या स्नेहलने, ती नर्सिंगला होती, आपला पडदा काढून दिला. कपबशा कोणाच्या, घड्याळ माझं. दोरीवर वाळणाऱ्या बनियनी आणि जीन्स काढून तिथे काकूंच्या साड्या टाकल्या, म्हणजे इमारत कुटुंबवत्सल दिसावी. भरतीच्या पोट्ट्यांना अभ्यासिकेत पाठवलं. ती तिथे गेल्याचं पाहून अभ्यासिकेच्या मालकाला काळजी वाटली, असं नंतर कळलं. आणि शेवटी चौघांनी मिळून जिन्यावरचा फ्रिज उचलून भगतांच्या खोलीत नेऊन ठेवला. भगत बाजूला उभे राहून म्हणत होते, "तत्त्वतः मले हे मान्य नाही." पण फ्रिज कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवत होते.

घरात कोणी वडीलधारं दिसावं म्हणून मला चुलतभाऊ करून सोफ्याच्या टोकाला बसवण्यात आलं. माझी पात्रता म्हणजे चष्मा.

पाहुणे आले. वैशालीचे आईवडील, मामा आणि वैशाली. वडील उंच, अबोल. खोलीत शिरताच त्यांनी आधी वर पाहिलं, छताकडे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. खाणीत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाची ती सवय. मग बसले. काकूंनी पोहे आणले, तर्री आणली. आईने फ्रिजकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडा निवांतपणा आला. मामांनी कंत्राटाचं विचारलं, भगतांनी खरं ते सांगितलं. सगळं समाधानकारक चाललं होतं.

तेवढ्यात दार लोटून आत्राम आत आला. त्याला पाहुण्यांचं माहीत होतं. पण उन्हातून सायकल मारत आला होता, जिन्याच्या वळणावर फ्रिज दिसला नाही, आणि तो कुठे नेला ते आठवलं. त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, फ्रिज उघडला, आपली बाटली काढली, उभ्यानेच प्यायला, पुन्हा नमस्कार केला आणि गेला.

"आमचे शेजारी," भगत म्हणाले. "होतकरू आहेत."

पाहुण्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने दारात स्नेहल. तिची ड्यूटीची वेळ झाली होती. "सॉरी साहेब, फक्त दही," असं म्हणून तिने डबा नेला. जाताना पडद्याची चुणी नीट केली, कारण पडदा तिचा होता.

"याबी शेजारी," भगत म्हणाले. "यायचं दही आमच्याकडे असते."

"आनं तुमचं काय असते त्यायच्याकडे?" वैशालीच्या आईने विचारलं.

भगत विचार करू लागले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा एकजण दुधाची पिशवी घेऊन आला, पाहुणे पाहून थबकला, आणि परत जावं तर दूध नासेल म्हणून ती माझ्या हातात देऊन पळाला. मी पिशवी धरून बसलो. चुलतभावाने अशा वेळी काय करायचं असतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

इतका वेळ गप्प असलेल्या वैशालीने विचारलं, "हा फ्रिज तुमचा होय का?"

भगत उभे राहिले. साहेबांसमोर उभं राहावं तसे. "नाही," ते म्हणाले. "सदर फ्रिज बिल्डिंगचा आहे. सोफा काकूचा. पडदा त्या दहीवाल्या ताईचा. बाहेरच्या साड्या काकूच्या. घड्याळ सरांचं."

"आनं सर तुमचे कोन?" मामांनी विचारलं.

"वरच्या खोलीतले. भाऊ म्हनून बसवले. माझं म्हनाल त खाट, टेबल आनं भिंतीवरचं सगळं. आनं हे घर नाही जी. खोली होय."

मी उठून दूध फ्रिजमध्ये ठेवलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वैशालीच्या वडिलांनी पुन्हा एकदा छताकडे पाहिलं. "स्लॅब चांगला हाय," ते म्हणाले आणि उठले. विचार करून कळवतो, असं मामांनी सांगितलं. याचा अर्थ काय असतो ते गुलमोहर लेआउटात लहान पोरालाही ठाऊक होतं. तिथे सगळेच मुलाखती देत असत.

त्या संध्याकाळी काकू तेवढ्या बोलल्या. "त्या आत्रामले एक दिवस कोमट पानी पेता आलं नसतं?" आत्राम जिन्यात मान खाली घालून बसला होता. भगतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची चूक नाही. फ्रिज जाग्यावरून हालवाले नाही पाह्यजे होता. मी तेव्हाच म्हटलं होतं." मग चौघांनी फ्रिज उचलून परत वळणावर नेला. भगतांनी या वेळी स्वतः एक बाजू धरली.

फोन दोन-चार दिवसांनी आला, आणि तो वैशालीचा स्वतःचा. भगत गच्चीवरून खाली आले ते सरळ माझ्या खोलीत. चेहऱ्यावर आनंद होता, पण कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"होकार आहे," ते म्हणाले. "सशर्त."

वैशाली नर्सिंग शिकताना चंद्रपूरला अशाच एका इमारतीत राहिली होती. एका फ्रिजात सगळ्या जणींचं दही. त्यामुळे आत्रामने बाटली काढली तेव्हाच तिला कळलं होतं की फ्रिज कोणाचा. माणूस सरळ आहे, असं ती म्हणाली. "पन मी तठी राहनार नाही. लय राह्यली मी तसं. दोन खोल्या घ्या, कुठंबी घ्या, पन दार लावलं की आतलं आपलं पाह्यजे."

मला ती बाई तिथेच आवडली. आमच्या लेआउटवर असा नेमका अभिप्राय दुसऱ्या कोणी दिला नव्हता. आम्ही सगळे त्या जगण्याला आपुलकी म्हणत होतो. ती ज्याला विटली होती तेही तेच होतं, आणि तिचंही खरं होतं.

भगतांनी प्रतिप्रस्ताव दिला. याच इमारतीत लागून असलेल्या दोन खोल्या, मध्ये दार काढून, फ्रिज स्वतःचा. उत्तर एका शब्दात आलं. मग दारव्हा रोडला एका नव्या इमारतीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, असं पाहून आले. भाडं जास्त, पण दोघांच्या पगारात बसणारं. वैशालीलाही यवतमाळात काम मिळण्यासारखं होतं. किल्ली घ्यायच्या आदल्या दिवशी माझ्या दाराशी उभे राहिले. आत आले नाहीत.

"सर, इथं मी साहेब होय," ते म्हणाले. "तिकडं मले कोन ओळखीन? तिकडं मी कंत्राटी."

मी काही शहाणपणाचं बोलणार होतो. पण त्यांनी ते ऐकण्यासाठी विचारलं नव्हतं. ते खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली घेतली.

राजूरच्या विहारात लग्न झालं. आमची अख्खी इमारत एसटीने गेली. काकू पुढच्या सीटवर. जेवणावळीत भगत प्रत्येकाला जातीने विचारत होते, "भाजी समाधानकारक आहे ना?" वैशालीने ते ऐकून एकदा डोळे मिटून घेतले. पुढे काय काय ऐकावं लागणार आहे, याचा तिला तिथे अंदाज आला असावा.

त्यांच्या नव्या घरी मी गेलो तो काही महिन्यांनी. दुसरा मजला, दारावर दोघांच्या नावांची पाटी. जिना स्वच्छ, दारं सगळी बंद. वैशालीने पाणी दिलं, थंडगार.

"पाहा सर, आमचा फ्रिज," ती म्हणाली. "दिवसभर कोनी उघडत नाही." तिच्या आवाजात सुख होतं, आणि ते तिने कमावलेलं होतं.

भगत टी-शर्टवर होते. मी त्यांना टी-शर्टवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काकूंची, आत्रामची, टाकीची चौकशी केली. इथलं कसं काय, म्हणून मी विचारलं.

"येथील रहिवासी समाधानी आहेत," ते म्हणाले. "परस्परसंबंध नाहीत."

"सांगा ना मंग त्यायले, काय केलं ते," आतून वैशाली म्हणाली, आणि मग तिनेच सांगितलं. राहायला आल्याच्या आठवड्यातच हे ओळख करून घ्यायला प्रत्येक दार वाजवत गेले. एकाने विम्याचे समजून आधीच नको म्हटलं. एकीने दाराच्या फटीतून विचारलं, "काय विकून राह्यले?"

"मी म्हटलं, तूर्तास काही नाही," भगत म्हणाले.

बोलता बोलता खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. भगत गॅलरीत गेले, पाहून आले, बसले. कोणीतरी राहायला येत होतं. जिन्यातून लोखंड भिंतीला घासल्याचा आवाज, मग एका मुलीचा, "अहो, अडकली ना." भगत पुन्हा गॅलरीत गेले आणि पुन्हा येऊन बसले. चहा तसाच होता.

वैशाली आत भजी तळत होती. मान न वळवता म्हणाली, "जा बा. जीव खालीवर होऊन राह्यला तुमचा. पन फ्रिजचं काही कबूल करून येऊ नका."

भगत गेले. चप्पल न घालता गेले.

भजी खाऊन मी निघालो तेव्हा पहिल्या मजल्याच्या वळणावर ती अडकलेली लोखंडी खाट आता उभी होऊन वर सरकत होती. खालच्या टोकाला एक नवखा तरुण, घामाघूम. त्याच्यामागे दोन्ही हातांत कुंड्या धरलेली त्याची बायको. वरचं टोक भगतांच्या छातीशी होतं आणि ते एकेक पायरी मागे चढत होते.

"दादा, तुम्ही कोन? घरमालक का?" तरुणाने धापा टाकत विचारलं.

"ते यथावकाश," भगत म्हणाले. "तूर्तास तुमची बाजू डावीकडं घ्या. भिंतीचा रंग नवीन आहे."

मी दिसलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी हनुवटीनेच निरोप दिला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि खाट वर जाऊ दिली.